देवदार आणि शेकरू : फरक स्पष्ट करा

प्रश्नपत्रिकेतील ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढावयाची, डावीकडे ‘वनस्पती’ आणि उजवीकडे ‘प्राणी’ असे लिहावयाचे आणि एकाखाली एक पाच मुद्दे मांडून पाच गुण मिळवावयाचे, ही रीत कित्येक पिढ्यांपासून चालत आली आहे. पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्याच्या एका तालुक्यात भरलेल्या शिक्षकांच्या शिबिरात राज्यचिन्हांविषयी माहिती देण्यासाठी मला बोलावण्यात आले होते. आंबा हा आपला राज्यवृक्ष, ताम्हण हे राज्यपुष्प, हरियाल हा राज्यपक्षी आणि शेकरू हा राज्यप्राणी, असे सांगून मी तक्ता गुंडाळीत असतानाच एक शिक्षक उठले. त्यांनी आपल्या वर्गात हाच प्रश्न जरा निराळ्या रीतीने घातला होता. राज्यचिन्हांच्या तक्त्यातूनच त्यांनी दोन नावे उचलली होती : हिमाचल प्रदेशाचा राज्यवृक्ष देवदार आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू. मुलांनी पहिला मुद्दा अपेक्षेप्रमाणेच लिहिला होता. देवदार एका जागी स्थिर असतो, शेकरू हालचाल करते. एका मुलीने मात्र आपल्या उत्तराखाली शिक्षकांनाच विचारले होते : ‘मधली झाडे तोडली, तर शेकरू पलीकडे कसे जाईल?’

शिक्षकांनी तो प्रश्न माझ्याकडे सोपविला. मी कला शाखेचा पदवीधर. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध माहिती खात्याच्या घडीपत्रिकांपुरताच. त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे ग्रंथालयात बसून आणि भीमाशंकरच्या अरण्यात दोन दिवस हिंडून जे उमगले, ते येथे मांडीत आहे. गावचा रस्ता किती रुंद करावयाचा, कोणती झाडे तोडावयाची, त्यांच्या बदल्यात रोपे कोठे लावावयाची, हे ठरविणाऱ्या मंडळींनाही या प्रश्नाचे उत्तर उपयोगी पडावे.

कोणता देवदार?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे ‘देवदारी खोके’ हा शब्द घरोघरी माहीत आहे. परदेशातून यंत्रे, काचसामान इत्यादी ज्या हलक्या, पांढुरक्या फळ्यांच्या पेट्यांतून येते, त्या फळ्यांना सुतारमंडळी देवदार म्हणतात. ते लाकूड बहुधा विलायती चिडाचे किंवा तत्सम झाडाचे असते. तिकडे बंगालमध्ये देवदारू म्हणतात तो आपल्या बागांतील उंच, सरळ वाढणारा खोटा अशोक होय. खरा देवदार या दोहोंहून वेगळा आहे. बाळंतिणीला देण्यात येणाऱ्या देवदार्वादि काढ्यामुळे त्याचे नाव आपल्या आज्यांच्या तोंडी होते. झाड मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते, कारण महाराष्ट्रात ते निसर्गतः उगवतच नाही. सूचिपर्णी वृक्षांच्या बाबतीत सह्याद्री फार गरीब आहे. संपूर्ण पश्चिम घाटात त्या गटातील एकच वृक्ष मूळचा मानला जातो आणि तोही दक्षिणेकडील अरण्यांत.

देवदाराचे घर म्हणजे पश्चिम हिमालय. पूर्व अफगाणिस्तानापासून उत्तर पाकिस्तान, काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड या मार्गाने नेपाळच्या पश्चिम टोकापर्यंत, साधारणपणे १,५०० ते ३,२०० मीटर उंचीच्या डोंगरउतारांवर त्याची वने आहेत. पाकिस्तानचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. चाळीस-पन्नास मीटर उंची ही त्याची सामान्य वाढ. अनुकूल जागी तो साठ मीटरपर्यंतही जातो. म्हणजे मुंबईतील पंधरा-सोळा मजली इमारतीची ही उंची झाली. पाने सुईसारखी, दोन ते पाच सेंटिमीटर लांब आणि आखूड डहाळ्यांवर झुबक्यांनी येणारी. तरुण झाडाचा शेंडा व फांद्यांची टोके किंचित खाली झुकलेली असतात. बर्फ साचून फांदी मोडण्याऐवजी ते घसरून पडावे, अशीच ही सारी ठेवण आहे. लाकडात सुगंधी तेल असते. त्यामुळे त्याला वाळवी व बुरशी सहजासहजी लागत नाही. याच गुणाने त्याला मंदिरात नेले आणि याच गुणाने पुढे त्याच्यावर संकट आणले. ते कसे, हे ओघाने येईलच.

शेकरूची ओळख

शेकरू म्हणजे मोठी खार, एवढे सांगून बहुतेक जण थांबतात. आपल्या अंगणातील तीन पट्ट्यांच्या खारीशी तिची तुलना केली, तर मांजरापुढे उंदीर ठेवल्यासारखे होईल. शेकरूचे वजन दीड-दोन किलो भरते. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी जवळजवळ एक मीटर असते आणि त्यात अर्ध्याहून अधिक वाटा शेपटीचा. पाठ तांबूस-तपकिरी, पोट व छाती फिकट पिवळसर, कान आखूड व गोलसर. प्रदेशानुसार रंगात पुष्कळ फरक पडतो. या जातीला १७७७ साली शास्त्रीय नाव देण्यात आले, ते मुंबई परिसरातील नमुन्यावरून. पुढे १८३१ साली मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स यांनी सह्याद्रीतील एका प्रकाराचे वर्णन केले आणि त्याला गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. भीमाशंकरचे शेकरू ते हेच. त्याच्या रक्षणाचा हेतू समोर ठेवून १९८५ साली पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांतील सुमारे १३१ चौरस किलोमीटर क्षेत्रावर भीमाशंकर अभयारण्य घोषित करण्यात आले.

येथेही एक चूक दुरुस्त करावीशी वाटते. वृत्तपत्रांतून शेकरूला ‘उडती खार’ म्हटलेले पुष्कळदा आढळते. उडती खार हा निराळा प्राणी आहे. ती रात्री संचार करते आणि पुढच्या व मागच्या पायांमधील कातडीचा पडदा ताणून हवेतून तरंगत जाते. देवदाराच्या वनांत अशा खारी आहेत, आपल्या सह्याद्रीतही आहेत. शेकरूला असा पडदा नाही. ते दिवसा वावरते आणि जाते ते केवळ उडीच्या बळावर. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर सुमारे सहा मीटर, म्हणजे वीस फूट, अंतराची उडी ते घेऊ शकते. वीस फूट ही संख्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. या लेखातील सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच आहे.

भीमाशंकरला मी पाहिलेले शेकरू एका जांभळाच्या झाडावर होते. मागच्या दोन पायांनी फांदीला धरून ते उलटे लोंबकळत होते, पुढच्या दोन हातांत फळ धरून खात होते आणि फांदीच्या दुसऱ्या बाजूस सोडलेली लांब शेपूट तराजूतील वजनासारखी तोल राखीत होती. आमची चाहूल लागताच ते पळाले नाही. खोडाला अंग चिकटवून निश्चल झाले आणि पाहता पाहता सालीच्या रंगात मिसळून गेले. वरून येणाऱ्या गरुडापासून बचाव करण्याची ही त्याची रीत आहे. बरोबरच्या वनरक्षकांनी नंतर वर बोट दाखवून एकापाठोपाठ एक अशी तीन गोल घरटी दाखविली. काटक्या व पाने यांची ही घरटी बारीक फांद्यांच्या टोकाशी, जेथे जड प्राणी पोचणार नाही, अशा जागी बांधलेली असतात. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. त्यांपैकी एखादे पिलासाठी, बाकीची झोपण्यासाठी. पिलू बहुधा एकच होते.

घरट्यासाठी झाड निवडताना त्या झाडाच्या फांद्या शेजारच्या झाडांत शिरलेल्या आहेत की नाहीत, हे शेकरू पाहते. निसटण्याला वाट हवी असते. भीमाशंकरच्या माथ्यावरील झाडे फारशी उंच नाहीत. जांभूळ, आंबा, हिरडा, अंजनी यांची वाऱ्याने खुरटलेली, पण एकमेकांना खेटून उभी असलेली ही राई आहे. डॉ. रेनी बोर्जेस यांनी येथील व कर्नाटकातील मागोड येथील शेकरूंच्या आहाराचा दीर्घ अभ्यास केला आहे. फळे, बिया, पाने, फुले, साल असा त्यांचा आहार ऋतूप्रमाणे बदलत असतो. एखाद्या विशिष्ट फळझाडाची चार-सहा रोपे लावली म्हणजे शेकरूची सोय झाली, असे म्हणता येत नाही, ते यामुळेच. बारा महिन्यांच्या पोटासाठी त्याला अनेक जातींची झाडे लागतात आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वरच्या वर जाता आले पाहिजे.

कोण हलते, कोण थांबते?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. देवदार स्थिर आहे, हे एका झाडापुरते खरे आहे. परंतु देवदाराला शंकू येतात. ते फांदीवर ताठ उभे असतात आणि पक्व होण्यास वर्षाहून थोडा अधिक काळ घेतात. पिकल्यावर चिडाच्या शंकूप्रमाणे ते अखंड गळून पडत नाहीत, तर झाडावरच त्यांचे खवले सुटे होतात आणि पातळ पंख असलेले बी वाऱ्यावर जाते. हिवाळ्याच्या तोंडाशी सुटलेले हे बी बर्फाखाली पडून राहते आणि बर्फ वितळू लागले की ओलाव्यात रुजते. वाऱ्याच्या एका झोतात बी ओढा ओलांडते, वाट ओलांडते. अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटचालीत देवदाराचे कूळ केवढे पसरले ते पाहण्यासारखे आहे. त्याची सख्खी भावंडे लेबनॉन व तुर्कस्तानात, सायप्रस बेटावर आणि आफ्रिकेच्या वायव्य टोकास मोरोक्को व अल्जीरिया येथील ॲटलास पर्वतात आहेत. सूचिपर्णी वृक्षांचे घराणे सुमारे तीस कोटी वर्षांचे. त्यामानाने खारींचे कूळ जेमतेम साडेतीन कोटी वर्षांचे आहे. एवढ्या अवधीत जमिनी सरकल्या, हवामाने पालटली आणि ‘स्थिर’ वृक्षांची वने त्यांच्यामागून सरकत गेली.

शेकरू दिवसभर हलत असते, पण त्याचा संचार काही एकरांपुरता असतो. जमिनीवर ते क्वचितच उतरते. उतरले, तर कुत्रा किंवा बिबट्या यांच्या तावडीत सापडण्याचा धोका असतो. दोन झाडांमधील अंतर वीस फुटांहून अधिक झाले, की त्याच्या दृष्टीने तेथे नदीच आली. पलीकडच्या बाजूस हिरडे पिकलेले असोत की जोडीदार ओरडत असो, त्याला वरून जाता येत नाही. आपण त्याला चपळ म्हणतो आणि तो आहेही. परंतु त्याची चपळाई सलग झाडोऱ्याच्या आत बंदिस्त आहे. तेव्हा मुलीचे म्हणणे बरोबर होते. तक्त्यातील पहिला मुद्दा पुस्तकात चुकीचा नसला, तरी अरण्यात तो पुरा पडत नाही.

गुजरातमधील डांगच्या जंगलात, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याला लागूनच, फिकट रंगाच्या शेकरूचा एक प्रकार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लॅनफर्ड यांनी त्याचे वर्णन केले. कित्येक दशकांत तो पुन्हा आढळलेला नसून तो नष्ट झाला असावा, असे मानले जाते. संपूर्ण जातीचा विचार केला तर शेकरू आज नामशेष होण्याच्या मार्गावर नाही. पण अरण्याचे तुकडे पडले की एखाद्या प्रदेशातील शेकरू कसे संपते, याचे हे आपल्या शेजारचेच उदाहरण आहे. वाऱ्याने बी नेऊन टाकावे, तसे दुसरीकडचे शेकरू तेथे जाऊन पोचत नाही.

देवदाराचा हिशेब वर्षांचा

देवदाराची अडचण निराळी आहे. त्याला अंतराचे भय नाही, काळाचे आहे. तीस-चाळीस वर्षांचा झाल्याखेरीज तो बहुधा चांगले बी धरीत नाही आणि त्यानंतरही भरघोस बियांचे वर्ष दरसाल येत नाही. रुजलेल्या रोपाला ओलसर माती व बेताचा उजेड हवा. शेळ्यामेंढ्यांचे तोंड लागले, तर ते संपलेच. लेबनॉनमध्ये ‘देवाचे देवदार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका प्राचीन राईभोवती १८७६ साली दगडी भिंत घालण्यात आली, ती बकऱ्यांपासून रोपे वाचविण्यासाठीच. तिचा खर्च व्हिक्टोरिया राणीने दिला होता. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील काष्ठसंग्रहालयात देवदाराचा एक आडवा छेद ठेवला आहे. त्याची वलये सातशेहून अधिक वर्षांची साक्ष देतात. ज्ञानेश्वरांच्या काळाच्या आसपास रुजलेले झाड, असा त्याचा मराठी हिशेब होईल.

या सातशे वर्षांच्या लाकडाला एकोणिसाव्या शतकात अचानक मोठे गिऱ्हाईक मिळाले. ते म्हणजे रेल्वे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि नंतरच्या काही दशकांत देशभर रूळ पसरले. रुळाच्या प्रत्येक मैलाला १,७६० ते २,००० स्लीपर लागत. कोणतीही प्रक्रिया न करता उन्हापावसात टिकणारी लाकडे आपल्याकडे मोजकीच : साग, साल आणि देवदार. उत्तर भारतातील रुळांसाठी हिमालयाकडे दृष्टी वळली. भागीरथीच्या काठी हर्सिल येथे फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजाने टेहरीच्या राजाकडून जंगलाचा मक्ता घेतला, देवदार तोडले आणि ओंडके नदीत सोडून खाली मैदानात उतरविले. रस्ता नाही, बैलगाडी नाही, खर्च नदीचा. ‘पहाडी विल्सन’ म्हणून तो आजही तेथे ओळखला जातो. वने अशी झपाट्याने संपू लागल्यामुळेच सरकारला वनखाते उभारावे लागले. १८६४ साली डिट्रिख ब्रँडिस हे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि १८६५ साली पहिला वन अधिनियम आला. आपण ज्याला वनखाते म्हणतो, त्याच्या जन्माला रुळाखालचे लाकूड बरेचसे कारणीभूत झाले आहे, ही गोष्ट शाळेत क्वचितच सांगितली जाते.

स्वातंत्र्यानंतरही हिमालयातील तोड थांबली नाही. गढवालमध्ये १९७३ साली ‘चिपको’ची सुरुवात झाली. १९७४ साली रेणी गावात गौरादेवी व त्यांच्या सहकारी स्त्रिया ठेकेदाराच्या मजुरांसमोर उभ्या राहिल्या. १९८१ साली उत्तर प्रदेशाच्या तत्कालीन डोंगराळ भागात एक हजार मीटरहून अधिक उंचीवरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. अलीकडे, २०२४ साली, अलमोडा जिल्ह्यातील जागेश्वर येथे रस्त्याच्या रुंदीकरणासाठी देवदारांवर तोडीच्या खुणा करण्यात आल्या, तेव्हा परिसरातील ग्रामस्थांनी विरोध केला आणि शासनाने फेरसर्वेक्षण करण्यास सांगितले. जागेश्वरची प्राचीन मंदिरे देवदारांच्याच राईत उभी आहेत. झाडे काढून मंदिर ठेवणे स्थानिक लोकांना पटण्यासारखे नव्हते.

नस्तीतील दोन वाक्ये

शासकीय सेवेत वीस वर्षे काढल्यानंतर दोन वाक्ये मला पाठ झाली आहेत. कोणत्याही रुंदीकरणाच्या अथवा बांधकामाच्या नस्तीत ती भेटतात. पहिले : ‘तोडलेल्या झाडांच्या बदल्यात पर्यायी वृक्षलागवड करण्यात येईल.’ दुसरे : ‘परिसरातील वन्यप्राणी लगतच्या वनक्षेत्रात स्थलांतर करतील.’ दोन्ही वाक्ये सद्‌भावनेने लिहिलेली असतात. पर्यायी लागवडीला कायद्याचाही आधार आहे. १९८० च्या वन (संरक्षण) अधिनियमान्वये वनजमीन अन्य कामासाठी देताना ती बंधनकारक करण्यात येते. २०२३ च्या दुरुस्तीने या अधिनियमाचे नाव बदलले, लागवडीची अट राहिली. तिच्या निधीसाठी २०१६ साली स्वतंत्र अधिनियम झाला आहे. लागवड करू नये, असे कोणीही म्हणणार नाही.

परंतु पहिले वाक्य देवदारासमोर ठेवून पाहावे. तीनशे वर्षांच्या झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावली, तरी ती तीनशे वर्षांची होण्यास तीनशे वर्षेच लागतात. दुसरे वाक्य शेकरूसमोर ठेवून पाहावे. ‘लगतचे वनक्षेत्र’ रस्त्यापलीकडे असेल, तर लगतचे कसले? आणि पहिलेच वाक्य शेकरूला लावले, तर आणखी निराळी अडचण दिसते. रस्त्यालगत तोडलेल्या झाडांची भरपाई वीस किलोमीटरवरील माळरानावर केली, तर आकडा जुळतो, पण तुटलेली वाट जुळत नाही. नस्तीत झाडांची संख्या लिहिण्यासाठी रकाना असतो. झाड कोठे होते आणि किती वर्षांचे होते, यांसाठी पुष्कळदा तो नसतो.

येथे ते वीस फूट पुन्हा आठवावेत. एकेरी ग्रामीण रस्त्याचा डांबरी भाग ३.७५ मीटर रुंद असतो. दोन्ही कडांची झाडे राखली, तर शेकरूला हा रस्ता वरून सहज ओलांडता येतो. बहुधा उडीही मारावी लागत नाही, कारण फांद्या वर एकमेकींना भेटलेल्या असतात. दुपदरी रस्त्याचा डांबरी भाग ७ मीटर. शेकरूची उडी ६ मीटर. बाजूपट्ट्या व गटारे यांसाठी कडेची झाडे गेली, तर मोकळी जागा याहून बरीच वाढते. अर्थात खरा प्रश्न डांबराच्या रुंदीचा नसून वरच्या फांद्यांमधील अंतराचा आहे. रस्ता दुपदरी करूनही ठरावीक अंतरावर दोन्ही बाजूंची मोठी झाडे समोरासमोर राखता येतात. वळणावरचे एक जुने जांभूळ वाचविण्यासाठी गटार चार हात सरकविणे, हा अभियंत्यांच्या अधिकारातील निर्णय असतो. त्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही. जेथे खिंडार पडलेच आहे, तेथे दोराचे अथवा पट्ट्यांचे झूलते पूल बांधण्याचा उपाय आहे. तामिळनाडूत वालपराई येथे सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावर असे पूल बांधण्यात आले आहेत. तथापि फांदीची बरोबरी दोर करू शकत नाही, आणि पुलाची देखभाल दरवर्षी कोणीतरी करावी लागते. झाड ती मागत नाही.

देवाच्या नावाने

‘देवदारू’ म्हणजे देवांचे लाकूड. कालिदासाने ‘रघुवंशा’त एक प्रसंग रचला आहे. एका देवदाराला शिवाने पुत्र मानले होते आणि पार्वतीने त्याला पाणी घालून वाढविले होते. रानहत्तीने अंग घासून त्याची साल सोलली, तेव्हा पार्वतीला पुत्राला जखम झाल्याइतके दुःख झाले आणि शिवाने त्याच्या रक्षणासाठी एका सिंहाची नेमणूक केली. एका झाडासाठी राखणदार नेमल्याचे हे बहुधा आपल्या वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण असावे. कुलू खोऱ्यात मनालीजवळ ढुंगरी येथे हिडिंबेचे लाकडी मंदिर आहे. ते १५५३ सालचे असून त्याच्या भोवतालचे देवदार देवीचे म्हणून राखले गेले आहेत.

आपल्याकडे देवदार नाही, पण देवराई आहे. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा भोवतालचे डोंगर उघडे पडले असताना देवाच्या भीतीने राखलेल्या या तुकड्यांतच जुने अरण्य शिल्लक असल्याचे ठिकठिकाणी आढळले. भीमाशंकर परिसरात आहुपे येथील देवराई प्रसिद्ध आहे. येथील महादेव कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करून विकत आला आहे, आणि हिरड्याचे झाड जगले तर शेकरूलाही खाणे मिळते. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांना आपल्या वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. तो अधिकार म्हणजे काही नुसता तेंदू-हिरडा विकण्याचा परवाना नव्हे.

देवराईची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. ती बहुधा लहान असते आणि एकटी असते. तिच्यातील झाड शेकडो वर्षे टिकू शकेल. तिच्यातील शेकरू मात्र दोन देवरायांमधील बांधावर आंबे, जांभळे, उंबर असतील, तरच टिकेल. बांधावरची ही झाडे कोणत्याही अभयारण्यात मोडत नाहीत. ती शेतकऱ्याची असतात, रस्त्याची असतात, गायरानातील असतात. आणि त्यांच्याविषयीचा निर्णय बहुतेक वेळा गावातच होतो.

हे सारे मी त्या शिक्षकांना पत्राने कळविले. त्यांचे उत्तर महिन्याभराने आले. त्यांनी वर्गाला वीस फुटांची दोरी दिली होती. शाळेपासून गावच्या राईपर्यंतच्या वाटेवर मुले गेली. एका झाडाच्या बाहेरच्या फांदीखाली एक मूल उभे राहिले, पुढच्या झाडाच्या फांदीखाली दुसरे, आणि दोरी पुरते की नाही, हे त्यांनी प्रत्येक ठिकाणी पाहिले. जेथे दोरी अपुरी पडली, त्या जागांची यादी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने आपल्या हाताने लिहून काढली आणि शिक्षकांनी ती ग्रामपंचायतीकडे दिली. ग्रामसभेत ती वाचण्यात आली असून येत्या पावसाळ्यात नेमक्या त्याच जागी जांभूळ, आंबा व हिरडा यांची रोपे लावण्याचे ठरले आहे. उन्हाळ्यात पाणी घालण्याचे काम सातवीच्या वर्गाने घेतले आहे.